विंडसरच्या हिरव्या दालनातले कुटुंबचित्र आणि आपली परीक्षणाची पट्टी

छायाचित्र-मंडळांच्या सन्माननीय परीक्षकांस व समीक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

विषय : औपचारिक कुटुंबचित्रांच्या परीक्षणाबाबत

नामवंत छायाचित्रकारांच्या प्रसिद्ध चित्रांची चिरफाड करण्याचा प्रघात आपल्या मंडळांच्या बैठकांत आता चांगलाच रुजला आहे आणि तो चांगला आहे, असे माझे मत आहे. नाव मोठे आहे म्हणून चित्र मोठे मानायचे नाही, ही शिस्त नव्या सभासदाला त्यातून लागते. परंतु या बैठकांत एका विशिष्ट प्रकारच्या चित्राची पाळी आली की आपले परीक्षण दरवेळी एकाच खाचेतून जाते. तो प्रकार म्हणजे औपचारिक कुटुंबचित्र : ठरवून, बसवून, पूर्वतयारीने आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागणीवरून काढलेले. अशा चित्रासाठी जे उदाहरण वारंवार पडद्यावर येते, तेच मी या पत्रासाठी घेतो आहे. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या ९० व्या वाढदिवसानिमित्त अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅनी लीबोविट्झ यांनी विंडसर किल्ल्यात काढलेले, राणी आणि सात मुलांचे ते चित्र.

त्यावर आपल्याकडे उमटणारे शेरे आता पाठ झाले आहेत. चित्र ताठ आहे, मुले मोकळी नाहीत, कुणी कुणाला धरलेले नाही, खोली माणसांना गिळते आहे, प्रकाश सपाट आहे आणि एवढ्या मोठ्या छायाचित्रकाराकडून ‘क्षण’ निसटला आहे. शेवटी हमखास कुणीतरी म्हणते की मुले स्वतंत्रपणे टिपून संगणकावर एकत्र बसवली असावीत. या चित्रात दोष नाहीत, असे मला म्हणायचे नाही. ते आहेत आणि त्यांतला एक बराच गंभीर आहे. पण आपण ज्या जागी बोट ठेवतो तिथे तो नाही.

आधी चित्राची जन्मकथा पाहू, कारण आपल्या बैठकांत ती सहसा सांगितलीच जात नाही. २०१६ च्या ईस्टरनंतर लगेच लीबोविट्झ यांनी विंडसरला ही छायाचित्रे काढली आणि २१ एप्रिलच्या वाढदिवसाच्या सुमारास बकिंगहॅम राजवाड्याने तीन चित्रे प्रसृत केली. एकात राणी आणि कन्या अ‍ॅन आहेत, दुसऱ्यात राणी आपल्या कुत्र्यांसह बाहेरच्या पायऱ्यांवर आहेत आणि तिसरे म्हणजे मुलांचे हे चित्र. ते हिरव्या दालनात काढले आहे. राणी मध्यभागी बसल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवर अकरा महिन्यांची शार्लट आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला राणींची दोन धाकटी नातवंडे, आठ वर्षांचा जेम्स आणि बारा वर्षांची लुईझ, उभी आहेत. उजव्या हाताला सॅव्हाना, जॉर्ज आणि आयला ही पतवंडे आहेत. आणि दोन वर्षांची मिया टिंडल पणजीची काळी हँडबॅग दोन्ही हातांनी धरून उभी आहे. चित्रासोबत आलेल्या अधिकृत मजकुरात शार्लटविषयी म्हटले होते की राजघराण्याच्या व्यक्तिचित्रणाच्या परंपरेनुसार सर्वांत लहान मूल राणींच्या हाती दिले आहे. म्हणजे चित्र मागवणाऱ्यांनी स्वतःच सांगून टाकले होते की ही मांडणी उत्स्फूर्त नाही आणि तसे भासवण्याचा त्यांचा हेतूही नाही.

त्याच आठवड्यात दुसरेही एक अधिकृत कुटुंबचित्र प्रसिद्ध झाले होते, याची आठवण आपल्या समीक्षकांना का राहत नाही, हे मला कोडेच आहे. ब्रिटिश टपाल खात्याच्या तिकीटपत्रासाठी रॅनल्ड मॅकेख्नी यांनी आदल्या उन्हाळ्यात बकिंगहॅम राजवाड्यात राणी, चार्ल्स, विल्यम आणि जॉर्ज अशा चार पिढ्या एकत्र टिपल्या होत्या. छोट्या जॉर्जची उंची पुरावी म्हणून त्याला फोमच्या ठोकळ्यांवर उभे केले होते आणि ते ठोकळे दिसणारे चित्रही लोकांसमोर आले. राज्य करणारी व्यक्ती आणि तिच्यानंतर क्रमाने गादीवर येणारे तिघे, एवढाच त्या चित्राचा विषय आणि तो त्याने एका दृष्टिक्षेपात सांगितला. या प्रकाराला मोठी परंपरा आहे. १८९४ मध्ये पुढे आठवा एडवर्ड झालेल्या बाळाच्या नामकरणप्रसंगी डब्ल्यू. अँड डी. डाउनी या पेढीने राणी व्हिक्टोरिया, मुलगा, नातू आणि मांडीवर पणतू अशा चार पिढ्या टिपल्या होत्या. राज्यावर असलेली व्यक्ती आणि तिचे तीन थेट वारस एका चौकटीत येण्याचा योग व्हिक्टोरिया राणीच्या काळानंतर थेट २०१३ मध्ये, जॉर्जच्या नामकरणाच्या वेळी जेसन बेल यांच्या चित्रात आला.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की लीबोविट्झ यांच्यापुढचे काम त्यामुळे नेमके ठरते. वारसाहक्काची ओळ दुसऱ्या चित्राने सांगितली होती. तीच पुन्हा सांगायची नव्हती. नव्वदीची एक स्त्री आणि तिच्या घरातली सर्वांत लहान मुले, म्हणजे राणी नव्हे तर पणजी, असे काहीतरी दाखवायचे होते. पण ते राजवाड्याच्या वतीने, राजवाड्याच्या दालनात आणि जगभरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानासाठी. घरगुतीपणा अधिकृतपणे जाहीर करायचा, असे ते अवघड काम होते. ते साधले की नाही, हा परीक्षणाचा खरा प्रश्न आहे. ‘मुले हसत का नाहीत’ हा त्याच्या जवळपासचाही प्रश्न नाही.

आता आपल्या आक्षेपांकडे वळतो. ताठपणाचा आक्षेप मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण आपल्या पिढीच्या आवडीनिवडीचा सगळा गोंधळ त्यात आहे. ताठ बसणे हा औपचारिक चित्राचा दोष नसून त्याचे साधन आहे. हे पटवून देण्यासाठी फार लांब जायला नको, त्याच हिरव्या दालनात पाच वर्षे आधी काढलेले एक चित्र पुरे आहे. राणींच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवानिमित्त लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने जर्मन छायाचित्रकार थॉमस श्ट्रूट यांच्याकडून २०११ मध्ये राणी आणि त्यांचे पती ड्यूक ऑफ एडिंबरा यांचे चित्र करवून घेतले. श्ट्रूट १९८० च्या दशकापासून कुटुंबांची चित्रे काढत आले आहेत आणि त्यांची पद्धत ठरलेली आहे : मोठ्या प्लेटचा कॅमेरा तिकाटण्यावर, लोकांनी आपापल्या जागा बऱ्याच अंशी स्वतः घ्यायच्या, भिंगाकडे सरळ पाहायचे आणि बराच वेळ स्थिर राहायचे. त्या स्थिरतेतच कुटुंबातली अंतरे वर येतात. कोण पुढे सरकून बसते, कोण कोपरा धरते, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे आणि कुणाचा असायला हवा होता पण नाही, हे सगळे माणसे हसत-खेळत असताना लपून राहते.

विंडसरच्या त्या चित्रात दोघे एका कोचावर बसले आहेत. राणींचा फिकट निळा पोशाख प्रकाश घेतो, ड्यूकचा गडद सूट तो पिऊन टाकतो. दोघांमध्ये अंतर आहे. ते अंतर पाहून ‘यांच्यात जवळीक दिसत नाही’ असा शेरा मारायला फारशी बुद्धी लागत नाही. पण साठहून अधिक वर्षे एकमेकांसोबत सार्वजनिक जीवनात काढलेली दोन माणसे एकमेकांना न धरता, न बघता, किती निर्धास्तपणे एका कोचावर बसू शकतात, हे त्या अंतरामुळेच दिसते. त्यांनी हातात हात घेतले असते तर ते चित्र वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर शोभले असते आणि आज त्याविषयी बोलण्यासारखे काही उरले नसते. त्या हातांकडे पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. वयाची, सवयीची आणि थोड्या कंटाळ्याचीही खूण तिथे आहे आणि छायाचित्रकाराने ती पुसलेली नाही.

या चित्राशेजारी लीबोविट्झ यांचे चित्र ठेवले की ‘ताठ’ हा शब्द अपुरा पडतो. श्ट्रूट यांच्या चित्रातला ताठपणा माणसांचा आहे. लीबोविट्झ यांच्या चित्रातला ताठपणा मांडणीचा आहे. मुले ताठ नाहीतच. हातात आपल्या धडापेक्षा थोडीच लहान पिशवी घेतलेल्या मियाकडे पाहून तिला कुणी ताठ म्हणेल, असे वाटत नाही. ताठ आहेत त्या मुलांमधल्या रिकाम्या जागा. त्या सगळ्या जवळजवळ सारख्या आहेत आणि इथून माझा स्वतःचा आक्षेप सुरू होतो. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

खोलीविषयी फार लिहीत नाही. दालन मोठे आहे, गालिचा डोळ्यात भरतो, भिंतींच्या हिरव्या रेशमाची छटा त्वचेवर पडते की काय अशी शंका येते, हे खरे. पण हे दालन चित्राचा निम्मा मजकूर आहे. १९९२ च्या आगीची झळ पोहोचलेला किल्ल्याचा हा भाग १९९७ पर्यंत पुन्हा उभा करण्यात आला आणि ९० व्या वर्षी राणीने पतवंडांना घेऊन तिथेच बसावे, यात मागवणाऱ्यांच्या मनात काहीतरी असणार. चौकट आवळून माणसे मोठी करा, असे सांगणाऱ्या परीक्षकाने त्याआधी निदान एवढे ठरवावे की आवळल्यावर उरलेले चित्र विंडसरचे राहील की कोणत्याही खानदानी आजीचे. प्रकाशाविषयीही तेच. मोठ्या छत्रीतून येणारा एक मऊ स्रोत आणि खोलीतला मूळ उजेड किंचित दाबलेला, ही लीबोविट्झ यांची कित्येक वर्षांची ओळखीची रीत आहे. ती आवडणे-न आवडणे ज्याचे त्याचे. मला ती इथे सुस्त वाटते. पण तो रुचीचा भाग झाला, गुण कापण्याचा नव्हे.

एकत्र जोडल्याच्या आरोपाबाबत मात्र मला आपल्याशी थोडे कडक बोलायचे आहे. लीबोविट्झ यांच्या कामात संगणकीय जोडणी आहे, हे कुणी लपवलेले नाही. मासिकांच्या मुखपृष्ठांवरचे तारे-तारकांचे त्यांचे मोठे समूह अनेकदा वेगवेगळ्या वेळी टिपून एकत्र आणलेले असतात आणि २०१८ मध्ये अशाच एका समूहचित्रात अभिनेत्री रीझ विदरस्पून यांना तीन पाय असल्याचा भास झाल्याने जगभर थट्टा झाली. त्यांनी २००७ मध्ये राणींची जी चित्रे केली, त्यांतल्या काहींत राजवाड्याच्या बागेची पार्श्वभूमी नंतर जोडलेली होती. पण म्हणून काय? ब्रिटिश छायाचित्रकार सेसिल बीटन यांनी १९५३ मध्ये काढलेले राज्याभिषेकाचे सुप्रसिद्ध चित्र वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत काढलेलेच नाही. ते बकिंगहॅम राजवाड्यात, अ‍ॅबीचे दृश्य रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेले आहे. औपचारिक व्यक्तिचित्र हे पुराव्याचे छायाचित्र कधीच नव्हते. वन्यजीव विभागात जो नियम आपण लावतो आणि लावायलाच हवा, तो इथे लावता येत नाही. दुसरे असे की विंडसरच्या या चित्रातली मुले वेगवेगळी टिपली, असे केवळ चित्र पाहून सांगणे म्हणजे तर्क आहे. ती वेगवेगळी टिपल्यासारखी वाटतात, हा निरीक्षणाचा भाग आहे आणि तो मला मान्य आहे. या दोन वाक्यांतला फरक परीक्षकाने पाळायचा नाही तर कुणी पाळायचा? आपल्याच एका स्पर्धेत एका तरुण सभासदाच्या बारा माणसांच्या कुटुंबचित्रावर असाच शेरा जाहीरपणे मारला गेला. त्याने मूळ फाइल दाखवण्याची तयारी दर्शवली, ती कुणी पाहिली नाही, आणि निकाल लागून गेला होता.

आता माझा आक्षेप. कुटुंबचित्राने पाहणाऱ्याला, त्याने खालचा मजकूर वाचण्याआधीच, कोण कुणाचे आहे याचा काहीतरी अंदाज दिला पाहिजे. संपूर्ण वंशावळ नव्हे, पण नात्यांचा एखादा धागा तरी डोळ्यांना लागला पाहिजे. विंडसरच्या चित्रात तो धागा दोनच ठिकाणी आहे : शार्लट मांडीवर आहे आणि मियाच्या हातात पिशवी आहे. उरलेल्या पाच मुलांना राणींशी किंवा एकमेकांशी जोडणारे चित्रात काहीच नाही. डावीकडे उभी असलेली जेम्स आणि लुईझ ही भावंडे राणींचे धाकटे चिरंजीव एडवर्ड यांची मुले. म्हणजे ती विल्यमची चुलत भावंडे आणि त्याच्या जॉर्ज-शार्लट या मुलांची काका-आत्या लागतात. चित्र पाहून मात्र ती या लहानग्यांची थोरली भावंडे वाटतात, कारण डोळा मुलांना वयाप्रमाणे लावतो आणि मांडणीने डोळ्याला दुसरे काही सुचवलेले नाही. एक अख्खी पिढी मधून काढून घेतली आहे, आईबाप चौकटीबाहेर उभे आहेत आणि त्यांच्या गैरहजेरीची नोंद चित्रात कुठेही नाही.

गैरहजेरी दाखवता येत नाही, असे नव्हे. फ्रान्सिस्को गोया यांनी १८००-०१ मध्ये स्पेनच्या चौथ्या कार्लोसचे कुटुंब रंगवले. त्यात युवराजाच्या शेजारी एक तरुण स्त्री उभी आहे आणि तिने तोंड वळवलेले आहे. युवराजाची वधू तेव्हा ठरायची होती, म्हणून तिच्यासाठी ही चेहरा नसलेली जागा राखून ठेवली, असे अभ्यासक मानतात. औपचारिकतेच्या चौकटीतच गोया यांनी नसलेल्या माणसाला उभे केले. चित्रकार व्हॅन डाइक यांचे १६३७ मधले, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या पाच मुलांचे चित्र तर विंडसरच्या चित्राचे पूर्वजच म्हणावे लागेल, कारण त्यातही आईबाप नाहीत. पण त्यात सात वर्षांचा युवराज एका अजस्र कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून मध्यभागी उभा आहे आणि एका बाजूला दोन वर्षांचीही न झालेली एलिझाबेथ आपल्या तान्ह्या बहिणीला सावरते आहे. पाच मुलांत कुणाकडे काय जबाबदारी आहे, हे शब्दाविना कळते. त्या चित्रातही कुणी हसत नाही.

म्हणून ‘कुणी कुणाला धरलेले नाही’ हा आपला आक्षेप अर्धा बरोबर आहे, पण आपण त्याचे कारण चुकीचे देतो. आपल्याला ऊब हवी असते. मला नाते वाचता यायला हवे आहे. ऊब नसली तरी नाते दिसू शकते, हे श्ट्रूट यांनी त्याच दालनात दाखवले आहे. लीबोविट्झ यांनी मुलांमधल्या जागा सारख्या ठेवल्या, सर्वांवर प्रकाश सारखा टाकला, आणि त्या समतेत कुटुंब विरून सात सुट्या मुलांचा संच उरला. मधोमध एकच प्रौढ व्यक्ती असल्यामुळे ती तर सातांचीही सारखीच लागते.

हँडबॅगविषयी थोडे अधिक, कारण या चित्राची ख्याती तिच्यामुळे आहे आणि आपले परीक्षक तिला ‘गोड अपघात’ म्हणून बाजूला सारतात. मियाचे वडील, इंग्लंडचे माजी रग्बीपटू माइक टिंडल यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की ती त्या वेळी जरा दंगा करत होती आणि राणींनीच तिला पिशवी धरायला सांगितले. लहान मूल ऐकत नसले की त्याच्या हातात काहीतरी महत्त्वाचे काम द्यायचे, ही जगातल्या कोणत्याही पणजीची युक्ती. आणि पिशवी कोणती, तर राणी ज्या पिशवीशिवाय चार लोकांत क्वचितच दिसल्या ती, जवळजवळ त्यांच्या पदचिन्हांपैकी एक. राजदंड नाही, मुकुट नाही, पण अधिकाराची खूण घरातल्या दोन वर्षांच्या मुलीकडे तात्पुरती सोपवलेली. गादीच्या क्रमात फार मागे असलेल्या मुलीकडे! अधिकृत मजकुराने परंपरेचा हवाला शार्लटबाबत दिला. चित्र मात्र मियाजवळ जिवंत झाले. छायाचित्रकाराचे श्रेय इथे एवढेच की ही पिशवी तिच्या हातून काढून घेऊन बाजूला ठेवण्याचा सुज्ञपणा कुणी केला नाही किंवा केला असल्यास तो फ्रेम निवडताना नाकारला गेला. ते श्रेय मी मोठे मानतो. जे चित्र मागवले गेले होते, ते बहुधा या एका कोपऱ्यातच साधले आहे.

आपण म्हणाल, लंडनच्या राजवाड्याचे चित्र आणि त्यावर एवढा खल कशाला. कारण आपल्या घराघरांतल्या भिंतींवर टांगलेल्या समूहचित्रांची बैठक याच घराण्याच्या चित्रांशी नाते सांगते. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक तिच्या आरंभीच्या काळात सक्रिय होते. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला आणि पुढच्याच वर्षी त्यांना राणी व्हिक्टोरियाची सनद (रॉयल वॉरंट) मिळाली. मध्ये खुर्चीवर ज्येष्ठ, मांडीवर सर्वांत धाकटे, मागे उभे कर्ते पुरुष आणि पुढे सतरंजीवर मुले, ही मांडणी विलायती आणि दरबारी वळणांच्या मिश्रणातून आपल्याकडे आली आणि आपण तिला आपल्या कुटुंबव्यवस्थेप्रमाणे वळवले. विधवा आत्या कुठे उभी आहे, थोरल्या सुनेला खुर्ची मिळाली की नाही, घरजावई रांगेच्या कोणत्या टोकाला आहे, हे त्या जुन्या चित्रांत वाचता येते. तेव्हाच्या स्टुडिओवाल्यांना ‘क्षण’ पकडायचा नव्हता. त्यांना घर मांडायचे होते आणि ते त्यांनी अनेकदा फार निष्ठुर अचूकतेने मांडले.

आज हे कौशल्य आपल्या स्पर्धांतून जवळजवळ हद्दपार झाले आहे. लग्नातल्या कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता नकळत टिपलेल्या, चित्रणाने आपल्या डोळ्यांना एवढे वळण लावले आहे की डोके मागे टाकून हसणारी आजी दिसली की आपण गुण देतो आणि तीच आजी भिंगाकडे रोखून पाहत बसली की ‘पोझ दिलेली आहे’ म्हणून बाद करतो. जणू पोझ देणे हे छायाचित्र काढून घेणाऱ्याचे पाप आहे. ज्या आजीने आयुष्यात चार वेळा फोटो काढून घेतला आणि प्रत्येक वेळी पदर नीट करून, मान ताठ करून घेतला, तिचे खरे रूप कोणते, हे आपण तिला न विचारता ठरवून टाकतो.

तेव्हा माझ्या काही मागण्या आहेत आणि त्या विचारात घ्याव्यात, अशी नम्र विनंती आहे.

औपचारिक समूहचित्रे आणि कॅन्डिड चित्रे एकाच विभागात एकमेकांसमोर उभी करू नयेत. स्वतंत्र विभाग शक्य नसल्यास निदान दोन्हींसाठी गुणपत्रिका वेगळी असावी. औपचारिक चित्राच्या गुणपत्रिकेत मांडणीतून नाती वाचता येतात का, हा प्रश्न प्रकाशाच्या आणि रंगाच्या प्रश्नांआधी यावा. असे चित्र सादर करताना ते कुणाच्या मागणीवरून, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या जागी काढले, हे दोन-तीन ओळींत लिहून घ्यावे आणि परीक्षकांनी ते वाचल्याशिवाय तोंड उघडू नये. चित्रातल्या माणसांची संमती असेल तिथे त्यांची परस्पर नाती लिहावीत. ‘मायेची सावली’, ‘तीन पिढ्यांचे हास्य’ अशा शीर्षकांना मात्र खुशाल बंदी घालावी, मी पाठिंबा देईन. जोडकामाचा संशय असल्यास नियमावलीत तरतूद करून मूळ फाइल मागवावी, ती पाहावी आणि मगच बोलावे. तरतूद नसेल तर तो विषय काढू नये.

आणि पुढच्या समीक्षा-बैठकीत श्ट्रूट यांचे २०११ चे आणि लीबोविट्झ यांचे २०१६ चे, अशी हिरव्या दालनातली दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी लावावीत. पहिली दहा मिनिटे प्रकाश, रंग, भिंग आणि चौकट यांविषयी कुणी अवाक्षर काढू नये. कोण कुठे बसले आहे, कोण कुणाच्या किती जवळ आहे आणि कोण आलेलेच नाही, एवढेच सभासदांना विचारावे. सूत्रसंचालनाची जबाबदारी कुणी घेत नसेल तर ती मी घ्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कुटुंबचित्रे काढणारा एक सभासद